घळ

नऊ फटके कुदळीचे, फार तर दहा.
डोंगरावरून येणारं पाणी माझ्या तेफमध्ये घुसायचं,
रोपं आडवी करायचं.
एका रात्री मी त्याला जरा वळवलं,
हातभर,
असरेसच्या बांधाकडे.
तरसं ओरडायची थांबली तेव्हा घरी आलो,
हात धुतले, झोपलो.
झोप लागली, हेही सांगायला हवं.

पहिल्या वर्षी नुसता ओघळ.
असरेसची पोरं त्यावरून उड्या मारायची.
पुढच्या वर्षी मेंढरू उतरेल एवढा.
चौथ्या वर्षी त्यानं बार्लीचा अर्धा तुकडा सोडून दिला,
म्हणाला, मातीच भुसभुशीत, कुणाला बोल लावायचा?
मी मान हलवली.

सातव्या वर्षी, पाऊस सरताना,
मेस्केलची पिवळी फुलं माळावर फुटतात त्या आठवड्यात
काठ ढासळला.
खाली बिरारा होता, वासरू शोधत.
तीन दिवस आम्ही माती उपसली.
सगळ्यांत जास्त मी.
लोक म्हणाले, शेजारी असावा तर असा.

वासरू संध्याकाळी आपणहून घरी आलं होतं.

अकरा महिन्यांनी अब्बा किरोससमोर तोंड उघडलं,
देवळाच्या गोल भिंतीपाशी, जुन्या जुनिपरखाली.
ते बराच वेळ गप्प होते.
मग उपास सांगितले, दंडवत सांगितले,
एनानूला सगळं सांग म्हणाले,
आणि चाळीस दिवसांनी परत गेलो तेव्हा
लाकडी क्रूस माझ्या कपाळाला लावला, ओठांना लावला.
"देवानं पोटात घातलं, तिरुनेह. ऊठ."
उठलो.
खोटं का बोलू, हलका झालो होतो.
छातीवरचं जातं कुणी उचलून नेलं होतं.
उतारावरून जवळजवळ पळतच आलो
आणि घळीपाशी थांबलो.
तिनंही एकाला पोटात घातलं होतं.
तिची भूक भागली नव्हती.

एनानूचं सांगायचं राहिलं.
ती कॉफी भाजत होती.
मी बोलत गेलो, तिचा हात थांबला,
बिया काळ्या पडल्या, धूर झाला, कुणी तवा उतरवला नाही.
"किती वळवलंस?"
"हातभर."
तिनं स्वतःचा हात पुढे धरला,
कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला,
जणू कुणी दुसऱ्यानं तो तिथे ठेवला होता.
"एवढं?"
त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.
असरेस बाहिर दारला गेला, बाजारात ओझी वाहतो म्हणतात.

मी पाणी जुन्या वाटेनं न्यायचा प्रयत्न केला.
चर खणला, बांध घातला.
पण पाण्याला आता खोल वाट ठाऊक झाली आहे,
ते माझं ऐकत नाही.
म्हणून दगड.
दर कोरड्या ऋतूत गाढवावरून दगड आणतो,
घळीत आडवे रचतो, मध्ये गवताचे ठोंब लावतो.
एका दोरीला गाठी मारल्या आहेत:
तोंडापासून तिच्या घरापर्यंत किती उरलं.
पूर्वी वर्षाला पाच हात जायचे.
यंदा दोन.
अब्बा म्हणतात, तुझा हिशेब कधीच मिटला,
मग हे काय मोजत बसतोस?
मी त्यांना कसं समजावू,
मला त्यांच्या शब्दाची शंका नाही.
रोज पहाटे तो शब्द मनात म्हणतो, मान खाली घालून,
आणि मग दोरी घेऊन निघतो.
देव विसरला असेल. ते त्याला शोभतं.
मातीला विसरता येत नाही,
तिच्याकडे ती सोय नाही.

मागच्या शुक्रवारी रचत होतो तेव्हा
वरच्या काठावर सावली आली.
एनानू. वाकलेली, डोक्यावर दगड.
काही न बोलता खाली उतरली,
दगड ठेवला, पदराला हात पुसले, गेली.

तो नीट बसलेला नाही.
पहिल्या मोठ्या पाण्यात निसटेल,
त्याच्यामागचे तीन-चार घेऊन जाईल.
मी पाहत राहिलो.
काढून पुन्हा बसवायला किती वेळ लागतो?

मी त्याला हात लावला नाही.
त्याच्याभोवती लहान दगड लावत बसलो,
अंधार पडेपर्यंत.